जेवण झाल्यानंतरचं पाणी

दोन फुटांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत शिकारी मासा कोणता ठेवावा? कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते तेव्हा विद्यार्थी हे विचारायचे, आता कुर्ल्याच्या माशांच्या दुकानांत भेटणारी तरुण मुलं विचारतात. त्यांना नाव हवं असतं. नाव मी सांगतेच, पण आधी थोडा इतिहास ऐकवते. हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे, आणि त्यातली बहुतेक वर्षं माणसं माशाच्या तोंडाकडे बघत राहिली. बघायला हवं होतं पाण्याकडे, माशाचं जेवण झाल्यानंतरच्या पाण्याकडे.

नेपल्सच्या उपसागराच्या काठाने रोमन श्रीमंतांनी इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकात खाऱ्या पाण्याचे हौद बांधले. काही खडकात खोदलेले, काही काँक्रीटच्या भिंती घालून समुद्रातच उभे केलेले. त्यातला मानाचा मासा म्हणजे मोरे जातीची वाम. आपल्या कोळणींकडे मिळते ती वाम निराळी. मोरे कपारीत राहते, तोंड उघडमीट करत श्वास घेते आणि रात्री वासाच्या मागाने शिकार करते. नजर लागावी इतकी देखणी, आणि दात बघितले की हात आपोआप मागे जावा अशी.

या वामेचं लोकांना वेडच लागलं होतं. वक्ता हॉर्टेन्शियस आपली लाडकी वाम मेली तेव्हा रडला, असं रोमन लेखक प्लिनीने नोंदवलं आहे. त्याच्याच बाउली इथल्या वाड्यात पुढे ड्रुससची बायको अँटोनिया राहायला आली, तिने आपल्या वामेला कानातले घातले आणि ते बघायला लोक मुद्दाम बाउलीला जाऊ लागले. क्रॅसस नावाच्या दुसऱ्या वक्त्यानेही वामेसाठी शोक केला. इसवी सनापूर्वी ९२ साली सेन्सरच्या पदावर त्याच्याबरोबर असलेल्या डोमिशियसने त्याला त्यावरून टोमणा मारला, तर क्रॅससने विचारलं की तू तीन बायका पुरल्यास, त्यातल्या एकीसाठी तरी रडलास का. हीरियस नावाच्या माणसाने वामांसाठी स्वतंत्र हौद बांधण्याची प्रथा पाडली, आणि ज्यूलियस सीझरच्या विजयाच्या मेजवान्यांसाठी त्याने सहा हजार वामा उसन्या दिल्या, असं प्लिनी सांगतो. पैसे घ्यायला त्याचा नकार होता. वजन करून दिल्या आणि तेवढ्याच वजनाच्या परत मागितल्या.

हे किस्से सगळे सांगतात. मला त्यांच्यापेक्षा कोलुमेला जवळचा वाटतो. पहिल्या शतकातला हा शेतीचा लेखक, मूळचा स्पेनमधल्या कादीसचा. शेतीवरच्या त्याच्या ग्रंथाच्या आठव्या भागात हौदातल्या माशांचं प्रकरण आहे आणि ते चक्क पाळणाऱ्यासाठी लिहिलेलं आहे. वामांसाठी भिंतीत वाकडीतिकडी, फार रुंद नसलेली भोकं ठेवावीत, म्हणजे त्यांना लपायला जागा मिळते. पण वामा इतर माशांत मिसळू नयेत, कारण कुत्र्यासारखी त्यांना पिसाळण्याची बाधा झाली तर खवल्यांच्या माशांचा फडशा पाडतात. पिसाळण्याचं निदान चुकलं, निरीक्षण मात्र पक्कं. आजही वाम महिनोन्‌महिने शेजाऱ्याकडे ढुंकून बघत नाही, आणि एका रात्री शेजारी गायब झालेला असतो.

कोलुमेलाचा सर्वांत मोलाचा सल्ला वामेबद्दलचा नाहीच, पाण्याबद्दलचा आहे. हौदात समुद्राचं पाणी सतत खेळतं राहिलं पाहिजे, जुनं पाणी साचता कामा नये. त्यासाठी चर काढायचे आणि मासा बाहेर जाऊ नये म्हणून त्यांना बारीक भोकांच्या पितळी जाळ्या बसवायच्या. लुकुलस नावाच्या श्रीमंत रोमनाने तर नेपल्सजवळ समुद्राचं पाणी आत घेण्यासाठी डोंगर फोडला होता. म्हणजे रोमनांच्या शिकारी माशाची घाण समुद्र स्वतः धुऊन नेत होता. टाकी किनाऱ्यापासून लांब, घरात, काचेत आणायची म्हटल्यावर हा नोकर हातचा गेला, आणि तिथून पुढचा सगळा इतिहास त्याची जागा कोण घेणार याचा आहे.

ती जागा पहिल्यांदा एका मोलकरणीने घेतली. १८४६च्या शरद ऋतूत ॲना थिन ही बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीला गेली होती. तिथे तिला मॅड्रेपोर म्हणजे कठीण कवचाचे छोटे प्रवाळ दिसले, आणि ते जिवंत लंडनला न्यायचे असं तिने ठरवलं. वाटेत हिंदकळून मरू नयेत म्हणून तिने ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजावर टाचले. तिचा नवरा वेस्टमिन्स्टर ॲबीत अधिकारी धर्मगुरू होता, त्यामुळे हा समुद्र येऊन राहिला लंडनच्या अगदी मध्यात. नवं समुद्राचं पाणी रोज मिळणं शक्य नव्हतं. मग असलेलंच पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, रोज अर्धा-पाऊण तास, त्यात हवा मिसळेपर्यंत. हे काम घरची मोलकरीण करायची. तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, याची मला खरीच खंत आहे. पुढच्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्रशेवाळं सोडली, आणि ते प्रवाळ जवळपास तीन वर्षं टिकले.

प्रवाळ हाही मांसाहारीच जीव, हे विसरू नये. घरातल्या खाऱ्या टाकीतला पहिला यशस्वी शिकारी एका जागी चिकटून बसणारा, नखाएवढ्या तोंडाचा होता.

त्याच सुमारास लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनतज्ज्ञ सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एका भांड्यात ठेवून बघत होते. १८५०मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: मासा जो वायू सोडतो तो वनस्पती घेते, वनस्पती प्राणवायू देते, सडलेली पानं गोगलगाय खाते, आणि पाणी न बदलता सगळं चालू राहतं. १८५२पासून त्यांनी हाच प्रयोग खाऱ्या पाण्यात केला. दोन पिढ्या इंग्लंडने ही समतोलाची कल्पना मंत्रासारखी जपली. ती अर्धीच बरोबर होती. प्राणवायूचा हिशेब त्यात होता, अमोनियाचा नव्हता.

मग आले निसर्गतज्ज्ञ फिलिप हेन्री गॉस. १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात काचेच्या टाक्यांचं मत्स्यघर उघडलं, त्यासाठी किनाऱ्यावरून प्राणी गोळा करून पाठवणाऱ्यांत गॉस होते. १८५४मध्ये त्यांचं ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि घरोघरी खाऱ्या टाक्या झाल्या. काचेवरचा कर १८४५मध्येच उठला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. समुद्राचं पाणी परवडत नसेल त्यांच्यासाठी गॉसनी कृत्रिम पाण्याचं मापही दिलं. ते मी वर्गात फळ्यावर लिहायचे: साडेचार लिटरहून थोडं कमी पाणी, त्यात साधं मीठ सुमारे ९९ ग्रॅम, एप्सम सॉल्ट ७ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड १३ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड अडीच ग्रॅमच्या वर थोडं. कॅल्शियम त्यात नाहीच, त्यामुळे प्रवाळाला ते पुरलं नसतं. पण स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलता येणारा समुद्र ही काय विलक्षण गोष्ट आहे! समुद्र कधीही न पाहिलेल्या गावातल्या माणसालाही गॉसनी दार उघडून दिलं.

आणि शिकारी मासा? गॉस आणि त्यांच्या मागून आलेले लेखक ब्लेनी, गोबी, पंधरा काट्यांचा स्टिकलबॅक, बोयीची पिल्लं अशी नावं सुचवत. सगळे बोटभर ते वीतभर. हे लहान मासे गरीब मुळीच नव्हेत. ब्लेनी शिंपल्या-कवचांवर तुटून पडते, खडकाच्या खळग्यात बसून वाटेने जाणाऱ्यावर झडप घालते. तिचे डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात, आणि काचेपाशी आलेल्या माणसालाही ती निरखून बघते. शिकाऱ्याचा रुबाब तिच्यात पुरेपूर आहे, फक्त घास लहान आहे. किनाऱ्यावरचा हिरवा खेकडा मात्र टाकीत आणू नये, असं ही पुस्तकं बजावत. तो सगळ्यांना फाडून खातो, आणि अर्धवट खाल्लेलं तुकड्यातुकड्याने सडत पडतं. मेलेला जीव तत्काळ काढा, नाहीतर सबंध टाकी जाईल, हेही बजावलेलं असे. लाखमोलाची ताकीद होती ती. का, ते त्यांना सांगता येत नव्हतं, पण नाकाला कळत होतं.

या वेडाची दुसरी बाजू गॉस यांच्या मुलाने, एडमंड गॉस यांनी, १९०७मध्ये आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिली. वडिलांच्या पुस्तकांनी भारलेल्या हौशी लोकांनी किनाऱ्यावरची खडकांतली डबकी अक्षरशः खरवडून नेली, आणि वडिलांना त्याचं अतोनात दुःख झालं. सोडलेली टाकी आणि ओरबाडलेला किनारा ही जोडी या छंदाच्या जन्मापासून आहे. मी या छंदाला जीव लावला आहे म्हणूनच ती लपवणार नाही.

मोठा शिकारी दाखवायची सोय झाली ती घरात नाही, सार्वजनिक मत्स्यालयांत. विल्यम ॲल्फर्ड लॉइड हा या इतिहासातला माझा सर्वांत आवडता माणूस. लंडनमध्ये त्याचं टाक्या, प्राणी आणि समुद्राचं पाणी विकण्याचं दुकान होतं. दुकानदाराला जे रोज दिसतं ते त्याला दिसलं: टाकी छोटी असली तरी चालते, पाणी थोडं असून चालत नाही. १८६४मध्ये हॅम्बुर्गला आणि १८७१मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला त्याने मत्स्यालयं उभी केली, त्यात दर्शनी टाक्यांखाली कित्येक पट मोठा अंधारा हौद ठेवला. पाणी अंधारात असल्यामुळे शेवाळ माजत नाही, आणि पंपाने सतत वर-खाली फिरत राहिल्यामुळे हवा मिसळते. आज आमच्या टाकीच्या खालच्या कपाटात जो संप, म्हणजे पाण्याची दुसरी टाकी, असतो तो लॉइडच्या या हौदाचा थेट वारस आहे.

व्हिक्टर ह्यूगोच्या १८६६च्या कादंबरीमुळे ऑक्टोपसची भलतीच भीती आणि ओढ पसरली होती. १८७२मध्ये उघडलेल्या ब्रायटनच्या मत्स्यालयात ऑक्टोपस हेच मोठं आकर्षण. तिथले निसर्गतज्ज्ञ हेन्री ली यांनी १८७५मध्ये एक हकिगत लिहिली. शेजारच्या टाकीतले लंपफिश नावाचे छोटे गुबगुबीत मासे एकेक करून कमी व्हायला लागले. चोर सापडेना. मग एका सकाळी त्या टाकीत ऑक्टोपसच बसलेला दिसला. तो रात्री पाण्याबाहेर येऊन भिंत ओलांडायचा, जेवायचा आणि उजाडायच्या आत आपल्या टाकीत परत जायचा. शिकारी प्राणी निवडताना झाकण आधी घ्या, असं मी मुलांना सांगते ते या ऑक्टोपसमुळे. वामेलाही ते तितकंच लागू आहे.

आता मी इतका वेळ राखून ठेवलेली गोष्ट. वॉरिंग्टन यांच्या मुलाचं नावही रॉबर्टच, तोही रसायनतज्ज्ञ, पण त्याचा विषय शेतीचा. रोथॅमस्टेडच्या प्रयोगशेतीत तो मातीतल्या नायट्रेटचा अभ्यास करत होता. १८७७मध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाणी वाळू आणि चुनखडीच्या नळीतून झिरपत ठेवलं. काही दिवस काहीच घडलं नाही. मग अमोनिया नाहीसा होऊन खालून नायट्रेट येऊ लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ दिली की ते थांबायचं. म्हणजे काम जिवाणूंचं होतं. धाकट्या वॉरिंग्टनने हे पडताळलं आणि पुढे जाऊन दाखवलं की काम दोन टप्प्यांत होतं: एक जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. ते जिवाणू शुद्ध रूपात वेगळे काढणं त्याला साधलं नाही. ते १८९०मध्ये विनोग्रॅडस्की या जिवाणूशास्त्रज्ञाने केलं. बापाने घरातली टाकी चालवून दाखवली, आणि ती का चालते ते मुलाला मातीत सापडलं. रसायनशास्त्राच्या सगळ्या इतिहासात याहून लोभस जोडी मला ठाऊक नाही.

शिकारी माशाचं कोडं इथे सुटतं. मांस म्हणजे प्रथिनं, प्रथिनं म्हणजे नायट्रोजन, आणि मासा तो मुख्यतः कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. गोड्या पाण्याचा सामू (पीएच) ७ च्या आसपास असला तर त्या अमोनियाचा अगदी थोडा भाग विषारी रूपात असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२, तिथे तो भाग सुमारे दहा पट होतो. तेच जेवण, तेवढंच पाणी, पण खाऱ्या टाकीत विष दहा पट. गॉसच्या काळातल्या टाक्या बोटभर ब्लेनीवर का थांबल्या, ते यात आलं. काचेवर, खडकांवर आणि वाळूत पाळणाऱ्यांच्याही नकळत जिवाणू होते, पण पंपाशिवाय त्या जिवाणूंपर्यंत पाणी पोचायचं किती?

पुढचं भराभर सांगते. १९६१मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालते हे लिहून दाखवलं. त्या खडकांत जिवाणूंची वस्तीच असते. १९६४मध्ये अमेरिकेत समुद्राचं पाणी बनवायचं तयार मीठ बाजारात आलं. सिलिकॉनने काच काचेला चिकटू लागली, लोखंडी चौकट गंजायची थांबली. भारतात २००१पासून प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यामुळे आपल्या समुद्रातला प्रवाळ खडक उचलून आणणं हा गुन्हा आहे. आम्ही साधे सच्छिद्र दगड घेतो आणि त्यावर जिवाणू बसेपर्यंत महिना-दोन महिने रिकामी टाकी चालवतो.

मुंबईकरांना शिकारी मासा पहिल्यांदा भेटला तो चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते उघडलं, तारापोरवाला या पारशी दात्यांच्या देणगीचा त्यात मोठा वाटा. शाळेच्या सहली काचेला नाकं लावून उभ्या राहायच्या. आम्ही मुली रंगीत फुलपाखरी माशांसमोरून पुढे सरकायचो आणि लायनफिशपाशी थांबायचो. तो पोहत नाही, पंख पसरून तरंगत येतो. भक्ष्याला कोपऱ्यात घेरतो, थांबतो, आणि मग काय झालं ते डोळ्याला दिसतच नाही. समोरचा मासा नसतो. पाठीवरचे तेरा, पोटाकडचे दोन आणि मागचे तीन, असे अठरा काटे विषारी. काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं, कारण त्या विषातलं प्रथिन उष्णतेने निकामी होतं.

हाच मासा दुकानात बोटभर असताना विकायला येतो आणि मुलं हरखून जातात. मोठ्या जातीचा लायनफिश ३५ सेंटिमीटरच्या पुढे जातो. दोन फुटांच्या टाकीत त्याला वळताही येणार नाही. मग त्याचं काय करायचं? फ्लोरिडात काय केलं ते जगाला ठाऊक आहे. हिंदी आणि प्रशांत महासागरातला हा मासा १९८५मध्ये डेनिया बीचजवळ अटलांटिकमध्ये सापडला. पाळणाऱ्यांनी सोडून दिलेल्या माशांतूनच ही वस्ती वाढली, असं अभ्यासक मानतात. पुढे बहामा, कॅरिबियन, मेक्सिकोचं आखात सगळं त्याने व्यापलं. तिथल्या माशांनी असा शिकारी कधी पाहिलाच नव्हता. बहामात केलेल्या आणि २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लायनफिश असलेल्या छोट्या प्रवाळ खडकांवर पाच आठवड्यांत स्थानिक माशांच्या नव्या पिल्लांची भर सरासरी ७९ टक्क्यांनी घटलेली आढळली. फ्लोरिडाने २०१४मध्ये जिवंत लायनफिशच्या आयातीवर बंदी घातली, तोवर समुद्र त्याचा झाला होता. एवढ्या मोठ्या अनर्थाच्या मुळाशी लहान टाकीसाठी चुकीचा निवडलेला मासा असावा, हे मला अजून अस्वस्थ करतं.

म्हणून दुकानात मी बोट दाखवते ते फझी ड्वार्फ लायनफिशकडे. त्याची वाढ १७ सेंटिमीटरच्या आसपास थांबते, तो फारसा हिंडत नाही, कपारीत उलटा लटकून बसतो. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सव्वाशे लिटर पाणी मावतं. तेवढ्यात असा एक, एकच. त्याच्याबरोबर कोळंबी ठेवायची नाही आणि तोंडात मावेल असा मासाही नाही. त्याहून लहान हवा असेल तर फ्लेम हॉकफिश, नऊ सेंटिमीटरचा, लालभडक, उंच दगडावर बसून टेहळणी करणारा. फ्रॉगफिशचा मोह मलाही होतो, पण तो स्वतःएवढा मासा गिळतो, तेव्हा तो एकटाच ठेवायची तयारी असेल तरच घ्यावा.

जिवंत सोनमासे खायला घालू नयेत. गोड्या पाण्यातल्या माशाची चरबी लायनफिशला सोसत नाही, यकृत बिघडतं. माझ्या टाकीतल्या फझी ड्वार्फला दिवसाआड करंदी मिळते. बाजारातून ताजी आणायची, धुऊन गोठवायची, चिमट्यात धरून त्याच्यासमोर हलवायची. नवा मासा आठवडाभर तोंड फिरवतो, मग एका संध्याकाळी चिमट्याकडे झेपावतो. उरलेला तुकडा पाच मिनिटांत बाहेर. दुसऱ्या दिवशी नळीत पाच मिलिलिटर पाणी घेऊन अमोनिया तपासायचा. रंग पिवळा राहिला तर पुढचं जेवण. हिरवट झाक आली तर जेवण पुढे ढकलायचं आणि वीस लिटर पाणी बदलायचं.